चार नळ्या, चार मापं

धाकटीला सत्तेचाळिसावं लागलं होतं, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन्ही मनगटांवर नक्षी काढून ठेवली होती, तरी वर्कशॉपमध्ये ती धाकटीच होती. कारण तिच्याआधी थोरली होती, थोरलीच्या आधी बाबा होते, आणि बाबांच्या आधी, बाबांच्या मते, कोणालाच काही येत नव्हतं.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. एका टोकाला नळ्या वाकवायचं यंत्र, मधे वेल्डिंगचं टेबल, दुसऱ्या टोकाला डायनो, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून तिचा जोर मोजायची सोय. इथे काम एकच चालायचं. शर्यतीच्या गाड्यांचे मॅनिफोल्ड बनायचे.

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. इंजिनाला चार सिलिंडर, म्हणजे धूर सोडणारी चार तोंडं. तो जळका, तापलेला वायू चार नळ्यांतून टर्बोकडे जातो. टर्बोत एका दांड्यावर दोन पंखे. धुराच्या झोतावर एक फिरतो, त्याच्याबरोबर दुसरा गरगरतो, आणि हा दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जितकी हवा जास्त तितकी गाडी जोरात. जो धूर एरवी वाया जायचा त्यालाच कामाला लावायचं, असा हा व्यवहार. त्या चार नळ्यांची जोडणी म्हणजे मॅनिफोल्ड, आणि बाबांसारखा मॅनिफोल्ड आसपास कोणी बनवत नव्हतं.

बाबांचा कायदा एका वाक्याचा होता: चारही नळ्या सारख्या लांबीच्या. टर्बो बसायचा मागच्या बाजूला, चौथ्या तोंडाच्या शेजारी. पहिल्या तोंडापासून तो सगळ्यात लांब. म्हणून पहिल्याला ऐसपैस वळण घेऊन जितकी लांब नळी लागते तितकीच चौथ्यालाही द्यायची, मग ती बिचारी हाताच्या अंतरावर पोचायला दोन वळसे घालून का जाईना. साठ सेंटिमीटर, साठ, साठ, साठ. दिसायला इतकं देखणं प्रकरण की गिऱ्हाईक बॉनेट उघडून शेजाऱ्यांना दाखवायचं.

हा कायदा बाबांनी घरातही चालवला होता. पावाचे तुकडे पट्टीने मोजून दोघी बहिणींना वाटले जायचे. बूट दोघींना एकाच नंबरचे. थोरलीचं पाऊल चिमणीएवढं, तिच्या बुटांत कापसाचे बोळे. धाकटीचं पाऊल जन्मजात ऐसपैस, तिच्या बोटांना फोड. आई असेपर्यंत ती गुपचूप ब्लेडने धाकटीचे बूट पुढून चिरून द्यायची. "हाताची पाची बोटं सारखी नसतात हो," असं ती एकदा म्हणाली, तर बाबांनी सुनावलं, "ती देवाची चूक. आपण कशाला करा?"

अजूनही दर वर्षी वर्कशॉपच्या वाढदिवसाला बाबा दोन जोड आणायचे, लोखंडी टोपणाचे, कामाचे, दोन्ही सहा नंबर. धाकटी हसून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणायची. दुकानदार आता न विचारताच आठ नंबर काढून ठेवायचा.

कोणताही मॅनिफोल्ड शेडबाहेर पडण्याआधी त्याची पाण्याची परीक्षा व्हायची. चारही नळ्या जोडण्याआधी एकेक नळी खालून रबरी बूच लावून पाण्याने काठोकाठ भरायची, मग ते पाणी एका काचेच्या उंच ग्लासात ओतायचं. नळ्यांचा व्यास एकच, तेव्हा पाणी सारखं तर लांबी सारखी. चार नळ्या, चार ग्लास. बाबांच्या डोळ्यांपुढे गेल्या पाच वर्षांत धुकं साचलं होतं, समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा. पण परीक्षा त्यांनी सोडली नव्हती. ते प्रत्येक ग्लासात तर्जनी घालायचे आणि पाणी कुठल्या पेरावर लागतं ते बघायचे. चारही वेळा एकाच पेरावर लागलं की खिशातून छिन्नी काढून नळ्या जिथे इंजिनाला बसतात त्या जाड पट्टीवर खूण मारायचे. चार उभ्या रेघा, चारही सारख्या. ती खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिच्याशिवाय एकही नग या शेडमधून आजवर गेला नव्हता.

आणि या सारखेपणाची कमाल म्हणजे, टेकडी चढायच्या शर्यतीत स्वतः गाडी चालवणाऱ्या थोरलीला जो माणूस दर वर्षी हरवायचा त्याच्या गाडीलाही बाबांचाच मॅनिफोल्ड होता. पांढरे हातमोजे घालून गाडी चालवायचा म्हणून सगळे त्याला हातमोजे म्हणत. "लेक वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळं असं माझ्याकडे नाही," बाबा म्हणायचे. हातमोज्याचं इंजिन मोठं, नळ्या त्याच, त्यामुळे निकालही तोच. सहा वर्षं थोरली दुसरी. गेल्या वर्षी तर आठ दशांश सेकंदाने, म्हणजे एक शिंक आली असती तेवढ्याने.

यंदा तिची एकोणपन्नाशी. पन्नास पूर्ण झाली की त्या टेकडीवर गाडी घालू देत नाहीत, असा आयोजकांचा नियम. म्हणजे ही शेवटची फेरी.

"हरले तरी चालेल गं," थोरली म्हणाली खरी. पण बोलताना ती हेल्मेटची काच पुसत होती आणि काच केव्हाच स्वच्छ झाली होती. बहीण दुसरी आली तर ते गाडीमुळे, आणि गाडी मागे पडते ती नळ्यांमुळे, हा संशय धाकटीला दोन वर्षं कुरतडत होता. तो बोलून दाखवण्याची हिंमत तेवढी होत नव्हती.

संशय आला तो वळणावर. टेकडीला सतरा वळणं आणि अगदी शेवटी एक सरळ पट्टा. प्रत्येक वळणावर गाडी मंदावते, इंजिनाचा वेग खाली येतो, टर्बो पेंगतो. वळणातून निघताना थोरली पाय दाबते, आणि गाडी विचार करत बसते. एक, दोन, आणि मग कुठे टर्बोची शिटी ऐकू येऊन गाडी उसळते. हा वेळ सतरा वेळा जातो.

धाकटीने खिशातला तापखडू काढला. ठरावीक तापमानालाच वितळणारा हा खडू वेल्डिंगवाल्यांकडे असतोच. चारही नळ्यांवर तिने दोन-दोन रेघा ओढल्या, एक इंजिनापाशी आणि एक टर्बोपाशी. गाडी डायनोवर चढवली आणि वळणातून निघाल्यासारखा तीन वेळा जोर दिला. इंजिनापाशीच्या रेघा वितळून चकाकल्या. टर्बोपाशीच्या चारही जशाच्या तशा, कोरड्या खणखणीत.

"स्वयंपाकघरातून चहा घेऊन माणूस अख्ख्या घराला फेरी मारून आला, तर कप गारच पोचणार," ती मोजमाप्याला म्हणाली.

मोजमापे हा डायनोचा माणूस. त्याचं खरं आडनाव त्यालाही आठवत नसावं. आकडा दिसल्याशिवाय तो जेवायलाही उठत नसे. बाबांना तो उस्ताद म्हणायचा. त्याने खडूच्या रेघा पाहिल्या, लॅपटॉपकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, कारण बाबा यायची वेळ झाली होती.

"तू म्हणतेस ते खरं असेल तर नळ्या तोकड्या हव्यात," तो हळूच म्हणाला. "धूर गरम पोचेल, वाटेतली पोकळी कमी, दाब लगेच चढेल. पण तोकड्या करायच्या तर सारख्या करता येत नाहीत. चौथ्याचं घर जवळ, पहिल्याचं लांब."

"माहीत आहे."

"उस्तादांना कोण सांगणार?"

"आधी होतंय का ते बघू," धाकटी म्हणाली.

बाबा मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे. एका मंगळवारी तिने पहिला तोकडा मॅनिफोल्ड जोडला, आणि तो साफ फसला. टर्बो लवकर जागा झाला, पण वेग वाढला तसं इंजिन गुदमरायला लागलं, तिसरा सिलिंडर तापून लाल. मोजमाप्याने घाईघाईने चावी बंद केली. "हात दाखवून अवलक्षण," तो पुटपुटला.

पुढचे दोन दिवस धाकटी तोच मॅनिफोल्ड उलटसुलट करून पाहत होती. तिसऱ्या दिवशी बँकेच्या एकाच अरुंद दारातून आत-बाहेर करणारी माणसं एकमेकांवर आदळताना तिने पाहिली, आणि तिथेच थबकली. चारही सिलिंडर एकदम धूर सोडत नाहीत. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. लांब नळ्यांत एकाचा फुत्कार दुसऱ्यापर्यंत पोचेतो विरून जायचा. तोकड्या नळ्यांत तो थेट शेजाऱ्याच्या तोंडावर जात होता. मग जे लागोपाठ सोडतात त्यांना एका दारातून पाठवायचंच कशाला? पहिला आणि चौथा एका दाराने, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या दाराने. आणि ज्याच्या तोंडात मधे पडदी असल्याने दोन दारं होतात, असा टर्बो शेडच्या फळीवर धूळ खात पडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुढच्या मंगळवारपर्यंत चार नळ्या वाकवून तयार झाल्या. छत्तीस सेंटिमीटर, सत्तावीस, बावीस, अठरा. ज्याला जेवढी गरज तेवढी, वर एक बोटही नाही. जोडायच्या आधी आता पाण्याची परीक्षा. आणि ती लपूनछपून करण्यात अर्थ नव्हता, कारण मॅनिफोल्ड लागणार होता थोरलीच्या गाडीला, आणि ती गाडी बाबा रोज हात लावून तपासायचे.

"एवढं काय त्यात?" थोरली म्हणाली. "चार ग्लासांत नळाचं सारखं पाणी ओत आणि मोकळी हो. बोट बुडवून त्यांना काय कळणार, पाणी कुठलं आहे ते?"

धाकटीने तसंच केलं. इथे तिची बाजू घेण्यात अर्थ नाही, तिने खरोखर तसंच केलं. चार ग्लास ओळीत, चारही सारखे भरलेले. बाबा काठी टेकत आले, बाह्या सरसावल्या, तर्जनी पुढे केली. सुरकुतलेलं, डाग पडलेलं ते बोट पहिल्या ग्लासाच्या काठाशी चाचपडलं, आणि धाकटीला एकदम स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ग्लासच ओढून घेतला.

"थांबा बाबा. हे खोटं आहे."

थोरलीने कपाळावर हात मारला. धाकटीने चारही ग्लास बादलीत रिकामे केले, एकेक नळी बूच लावून भरली आणि खरं पाणी ओतलं. "आता बघा."

बाबांनी पहिल्यात बोट घातलं. दुसऱ्यात घातलं आणि भुवया वर गेल्या. तिसऱ्यात बोट खाली खाली गेलं. चौथ्यात पाण्यापर्यंत पोचायला त्यांना अख्खा पंजा आत घालावा लागला.

"हा काय जिना बांधलास?" ते ओरडले. "चार लेकरं आणि चार मापं? असला पंक्तिप्रपंच मी उभ्या जन्मात केला नाही!"

"नाही केलात," धाकटी म्हणाली. "चौघांना सारखं वाढायचं म्हणून तुम्ही जवळच्यालाही लांब नेऊन बसवलंत. म्हणून चौघांच्याही पानात गार अन्न पडतं, बाबा. ताई सहा वर्षं त्यामुळे दुसरी येते."

बाबांनी बोट धोतरासारख्या जुन्या फडक्याला पुसलं, सावकाश, दोनदा.

"गाडी मी चालवणार आहे," थोरली मधेच म्हणाली. "मला ह्याच नळ्या हव्यात."

"लावा," बाबा म्हणाले. "घोडामैदान जवळच आहे. पण माझी खूण त्यावर पडायची नाही. आणि तो आवाज मला ऐकायचा नाही." ते काठी टेकत निघून गेले. दारापाशी त्यांचा खांदा चौकटीला लागला. इतक्या वर्षांत तो कधी लागला नव्हता.

धाकटी वेल्डिंगचा मुखवटा लावून कामाला बसली. काचेआड माणूस रडतोय की घामाघूम झालाय हे बाहेरून कळत नाही, हा त्या मुखवट्याचा मोठाच फायदा. जोडणी झाल्यावर गाडी डायनोवर चढली. मोजमापे आकडे बघत राहिला, मग खुर्ची मागे सारून उभाच राहिला.

"टर्बो इंजिनाच्या बाराशे फेऱ्या आधी जागा होतोय," तो म्हणाला. "बाराशे! मी यंत्र दोनदा तपासलं." मग त्याचा चेहरा पुन्हा आकड्यांत बुडाला. "पण अगदी वरच्या वेगात जोर बारा घोड्यांनी कमी पडतो. सरळ पट्ट्यावर तू मार खाणार, थोरले."

"सरळ पट्टा एक, वळणं सतरा," थोरली म्हणाली. "हिशेब मलाही येतो."

गाडी शेडबाहेर काढण्याआधी धाकटीने स्वतःची छिन्नी घेतली. बिनखुणेचा नग या शेडमधून बाहेर जाऊ द्यायला तिचं मन धजेना. तिने जाड पट्टीवर चार रेघा मारल्या. लांब, जरा आखूड, आणखी आखूड, सगळ्यात आखूड.

शर्यतीला येणार नाही, असं बाबांनी आठवडाभर घरात तीन वेळा जाहीर केलं. रविवारी सकाळी धाकटी व्हॅनची चावी घेऊन बाहेर आली, तर बाबा टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेले.

"उशीर झालाय," ते म्हणाले.

टेकडीवर ते नेहमीच्याच जागी गेले, नवव्या वळणाच्या आतल्या बाजूला. हे वळण सगळ्यात आखडतं, गाडी जवळपास उलट तोंड करून परत निघते. शेजारच्या खांबावर कर्णा होता, तो वेळ सांगायचा. बाबांना इथे डोळ्यांची गरज नव्हती. गाडी वळणात वाकली की चालक पाय कधी दाबतो ते त्यांना ऐकू यायचं, आणि तिथून शिटी वाजेपर्यंत ते तोंडाने आकडे मोजायचे. कुठल्या गाडीचं काय दुखतंय ते एवढ्यावरून सांगायचे.

गाड्या एकेक करून सुटल्या. हातमोज्याची गाडी आली ती दमदार, एकसुरी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत. बाबांच्या चेहऱ्यावर नकळत समाधान पसरलं. शेवटी नळ्या त्यांच्याच. गाडी वळणात शिरली, चालकाने पाय दाबला.

"एक... दोन," बाबांनी मोजलं, आणि शिटी वाजली. "छान आहे. ठीक आहे."

थोड्या वेळाने कर्णा खरखरला: तीन मिनिटं, अकरा पूर्णांक सहा सेकंद. टेकडीचा नवा विक्रम. वरच्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या. गेल्या वर्षीचा थोरलीचा वेळ तीन मिनिटं तेरा होता.

मग थोरली सुटली. तीन वळणं खालूनच आवाज वर आला आणि बाबांनी तोंड वाकडं केलं. तो गुणगुणणारा सूर नव्हता. घोगरा, ठेचकाळणारा, खडबडीत आवाज होता, चार माणसं चार मापांच्या चपला घालून जिना चढल्यासारखा.

"हे काय भरडायला बसलेत?" बाबा म्हणाले.

धाकटीने फक्त त्यांचा दंड धरला होता, त्यांना आधार म्हणून, असं ती समजत होती.

गाडी नवव्या वळणावर आली. चाकांनी खडी उडवली, गाडी वाकली, जवळपास थांबलीच. थोरलीने पाय दाबला. बाबांनी मोजायला तोंड उघडलं, आणि 'एक' त्यांच्या ओठांवर असतानाच शिटी वाजली. गाडी गोफणीतून सुटल्यासारखी गेली. वाऱ्याने बाबांची टोपी उडाली आणि दोघांपैकी कोणीही ती उचलायला वाकलं नाही.

बाबांचं तोंड तसंच उघडं होतं. वरून दहाव्या वळणाचा आवाज आला: दाब, शिटी. अकरावं: दाब, शिटी. बारावं. मधे मोजायला जागाच नव्हती. बाबा मान तिरकी करून ऐकत होते, आणि त्यांची बोटं धाकटीच्या हातात रुतत चालली होती.

"सतरावं वळण," कर्णा म्हणाला आणि क्षणभर गप्प झाला, जणू सांगणाऱ्यालाच खरं वाटेना. "साडेचार सेकंद आघाडी."

"आता सरळ पट्टा," बाबा म्हणाले. "तिथे तुझ्या नळ्या कमी पडणार."

"पडणार," धाकटी म्हणाली. "बारा घोडे."

"पडू दे!" बाबा ओरडले. शेजारची दोन माणसं दचकून मागे झाली. "पडू दे पडले तर! दाब पोरी, दाब!"

पट्टा संपल्यावर कर्णा बोलला. तीन मिनिटं, सात पूर्णांक नऊ सेकंद. हातमोज्याचा विक्रम अर्धा तासही टिकला नव्हता. पुढचं धाकटीला ऐकूच आलं नाही, कारण ती किंचाळत होती. सत्तेचाळीस वर्षांची चष्मेवाली बाई रस्त्याच्या कडेला उड्या मारत होती, आणि तिला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

वर गाड्यांच्या तळावर थोरली हेल्मेट काढून गाडीच्या टपावर बसली होती आणि एकाच वेळी हसत आणि रडत होती. हातमोज्याने येऊन दोन्ही हातमोजे काढले आणि उघड्या हाताने तिचा हात हातात घेतला. मग बॉनेटखाली डोकावून म्हणाला, "उस्ताद, मलाही असाच एक करून द्या."

"माझ्याकडे काय मागतोस?" बाबा म्हणाले. "जिने केलाय तिच्याकडे माग. माप घेऊन देईल."

इंजिन निवायला दीड तास लागला. तोवर बाबा घडीच्या खुर्चीवर बॉनेटला तोंड करून बसून राहिले, चहा दोनदा नको म्हणाले. मग म्हणाले, "माझा हात ने तिथे."

धाकटीने त्यांचं बोट धरून जाड पट्टीवर ठेवलं. त्यांची खूण जिथे असायची तिथे ते चाचपडलं आणि थांबलं. पहिली रेघ. दुसरी. तिसरी. चौथी, सगळ्यात आखूड. बोट परत पहिल्यावर गेलं आणि पुन्हा एकदा सावकाश खाली आलं.

"ही कोणाची?"

"माझी."

"रेघा सरळ आहेत," बाबा म्हणाले. आयुष्यभरात त्यांनी तिच्या कामाची केलेली ही सगळ्यात मोठी स्तुती होती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मोजमापे उगाच टायरमधली हवा तपासायला लागला.

मग बाबा घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या महिन्यात बूट आणायचेत."

"हो."

"तुझं माप काय गं?"

धाकटीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला चष्मा काढावा लागला.

"आठ."

"आठ?" बाबा ताठ बसले. "मग इतकी वर्षं घालत काय होतीस?"

"आठच. दुकानात जाऊन बदलून आणायची."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाही."

"मला पाच लागतो बाबा," टपावरून थोरली म्हणाली. "सांगून ठेवते. अजूनही कापूसच घालते मी."

बाबांचा चेहरा असा झाला की मोजमाप्यालाही हसू आवरेना. "अहो पण उस्ताद, मग सहा आणला कुठून?"

"दुकानातल्या सगळ्या मापांतला मधला काढला होता," बाबा म्हणाले. "कोणावर अन्याय नको म्हणून."

थोरली टपावरून घसरलीच. धाकटी पोट धरून हसली, आणि मग बाबाही हसायला लागले, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर त्यांनी हात पुढे करून धाकटीचा हात शोधला आणि पाठ करत असल्यासारखे पुटपुटले, "धाकटीला आठ. थोरलीला पाच. ठेवतो लक्षात."